आता दिसतंय का?

कोकणातल्या बंद घरांना पूर्वी एक कुलूप आणि एक शेजारी एवढी राखण पुरत असे. किल्ली शेजाऱ्याकडे. त्याने अधूनमधून दार उघडून वाळवी कुठे चढली आहे का, कौल सरकलंय का ते बघायचं आणि मुंबईकरांनी गणपतीत येताना त्याच्या घरासाठी काहीतरी आणायचं, असा तो कधी न बोलला गेलेला करार होता. आता आमच्या राजापूर तालुक्यातल्या वाडीत बंद घर दिसलं की पडवीच्या वाशाला पांढरा कॅमेराही दिसतो. या कॅमेऱ्यांनी चोर पकडल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही. या घरांतून चोरायचं तरी काय? तांब्याचा बंब, चार पितळी भांडी, फार तर विहिरीवरचा पंप.

तरी डोंबिवलीत लोकल पकडायला निघण्याआधी मी मोबाइलवर अंगण बघून घेतो. बघण्यासारखं काही नसतं. एखादी झावळी पडलेली असते. वानरांची टोळी पत्र्यावर दणदणाट करून गेल्याचं तुकड्या-तुकड्यांत दिसतं. कुणाचं तरी कुत्रं आमच्याच पायरीवर का झोपतं, हे त्याचं त्यालाच ठाऊक. घर जागेवर आहे, एवढीच बातमी. ती रोज लागते हे कॅमेरा बसायच्या आधी कळलंच नव्हतं. तेव्हा मे महिना सरला की गणपतीपर्यंत घराची आठवणही निघत नसे. आता मात्र एखाद्या सकाळी अंगणाऐवजी काळी चौकट येते, मधोमध गोल चक्र फिरत राहतं आणि खाली 'डिव्हाइस ऑफलाइन' अशी पाटी. घराला काहीही झालेलं नाही हे पक्कं माहीत असतं, आणि तरी त्या दिवशी कामात जीव लागत नाही.

काय बिघडलं असेल याचा अंदाज बांधायचा तर अंगणापासून माझ्या खिशापर्यंतची वाट डोळ्यांपुढे आणावी लागते. कॅमेरा, त्याला बारा व्होल्ट पुरवणारा अ‍ॅडॉप्टर, सगळ्या कॅमेऱ्यांच्या वायरी जिथे येतात तो डीव्हीआर (याला गावात सगळे नुसतं 'डबा' म्हणतात), राउटर, तिथून विजेच्या खांबांवरून झाडांच्या फांद्यांतून वाट काढत गेलेली फायबरची तार. यात महागड्या वस्तू सहसा बिघडत नाहीत. जातो तो अ‍ॅडॉप्टर. वळवाच्या पावसात किंवा ऑक्टोबरच्या गडगडाटात वीज कडाडली की पहिला बळी त्याचा, दुसरा राउटरचा. मागच्या दारचा एक कॅमेरा वायफायवरचा आहे, त्याची तऱ्हा आणखी वेगळी. असे स्वस्तातले कॅमेरे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच ओळखतात. मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर असला की जोडणी करताना दोघांची भेटच होत नाही. झाली तरी जांभ्याच्या जाडजूड भिंती आड येतात. आमच्या आजोबांनी त्या उन्हासाठी बांधल्या होत्या. त्या लहरीही तितक्याच निष्ठेने अडवतात.

सगळे दिवे हिरवे असूनही चित्र न येण्याचा प्रकार याहून जास्त छळणारा. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे असे पत्ते जेमतेम ४३० कोटी. ते केव्हाच पुरेनासे झाले. म्हणून कंपन्या अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात आणि आतल्या आत वाटून घेतात. २०१२ मध्ये या आतल्या वाटपासाठी १००.६४ पासून सुरू होणाऱ्या पत्त्यांचा एक पट्टा रीतसर राखून ठेवला गेला. आमच्या राउटरचा बाहेरचा पत्ता त्याच पट्ट्यातला निघाला. म्हणजे पाकिटावर चाळीचं नाव आहे, पण खोली नंबर नाही. पोस्टमन खाली उभा राहून कुणाला हाक मारणार? पूर्वी कॅमेरेवाले राउटरमध्ये 'पोर्ट ओपन' करून द्यायचे आणि बाहेरून थेट डब्यापर्यंत पोचता यायचं. ती विद्या इथे चालत नाही. पब्लिक आयपीचे, म्हणजे आपल्या एकट्याच्या पत्त्याचे, वेगळे पैसे भरा, नाहीतर दुसरी युक्ती करा.

दुसरी युक्ती म्हणजे डब्यावरचा तो चौकोनी कोड. तो स्कॅन केला की झालं, असं दुकानदार सांगतो, आणि खरोखरच होतं. गंमत अशी की त्यात बाहेरून आत कुणी जातच नाही. डबाच आतून बाहेर कंपनीच्या सर्व्हरला हाक मारून लाइन धरून बसतो. माझा मोबाइलही त्याच सर्व्हरकडे जातो आणि तो दोघांची गाठ घालून देतो. थेट गाठ पडली नाही तर सगळं चित्र त्या सर्व्हरवरूनच वाहतं. आमच्या तुळशीवृंदावनाचं दृश्य त्यामुळे कुठल्या देशातल्या यंत्रातून डोंबिवलीला येतं, याचा विचार मी करायचं सोडलंय.

कॅमेरेवाला मुलगा हुशार आहे. पण वाडीतल्या चार घरांना त्याने एकच पासवर्ड दिला होता, आणि तोही अंदाज बांधायला अवघड नव्हता. मी त्याला २०१६ सालची मिराईची गोष्ट सांगितली. तीन अमेरिकन पोरांनी एक प्रोग्राम लिहिला. तो इंटरनेटवर फिरून कॅमेरे आणि डबे शोधायचा, आणि कारखान्यातून आलेले ठरावीक पासवर्ड लावून बघायचा. लाखो यंत्रांनी दार उघडलं, कारण कुणी पासवर्ड बदललेलाच नव्हता. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच यंत्रांच्या फौजेने डाइन नावाच्या कंपनीवर एकदम धडक दिली आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स तासन् तास अडखळले. घराची राखण करायला बसवलेले कॅमेरे, आणि त्यांच्या मालकांना पत्ताही नाही! मुलाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण दादा, लोक पासवर्ड विसरतात, मग मलाच फोन करतात." त्याचंही खरं आहे. आपल्याकडे ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या सरकारी चाचणीतून जावं लागतं. पण वाशावर आधीपासून बसलेल्यांना कोण खाली उतरवणार?

दुरून बघण्याची ही हौस तशी जुनी आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची एक परिचारिका राहत होती. तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या कामाच्या वेळा आडनिड्या, वस्ती धोक्याची, पोलीस येणार सावकाश. दोघांनी मिळून दाराला वरखाली भोकं, त्यांच्यामागे सरकणारा कॅमेरा आणि झोपायच्या खोलीत पडदा अशी योजना आखली. पलंगावरूनच बाहेरच्याशी बोलायची आणि दार उघडायचीही त्यात सोय होती. १९६६ मध्ये अर्ज केला, २ डिसेंबर १९६९ ला पेटंट मिळालं. तिला हवं होतं ते अंतर केवढं, तर पलंगापासून दारापर्यंतचं.

केंब्रिजच्या संगणक विभागातलं अंतर याहून थोडं जास्त, काही जिन्यांचं. तिथे ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं एकच भांडं होतं आणि इतर मजल्यांवरून जिने तुडवत आलेल्यांना ते नेमकं रिकामं सापडायचं. १९९१ मध्ये दोघांनी त्याच्यावर कॅमेरा रोखला आणि १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचं काळं-पांढरं चित्र सगळ्यांच्या टेबलांवर पोचवलं. १९९३ मध्ये ते वेबवर आलं आणि ज्यांना ती कॉफी कधीच मिळणार नव्हती असे जगभरचे लोक ते भांडं बघत बसले. २००१ च्या ऑगस्टमध्ये कॅमेरा बंद झाला; शेवटचं भांडं लिलावात एका जर्मन नियतकालिकाच्या वेब आवृत्तीने ३,३५० पौंडांना घेतलं. मला यातली एक साधी गोष्ट फार आवडते. भांडं रिकामं आहे हे कॅमेऱ्यातून सगळ्यांना दिसायचं. भरायला मात्र कुणाला तरी खुर्ची सोडून उठावंच लागायचं.

आमच्याकडे उठतात ते शेजारचे काका. कॅमेरे घेताना आमचा मुख्य मुद्दा हाच होता की काकांना आता या वयात किती त्रास द्यायचा! पूर्वी त्यांना फार फार तर महिन्यातून एकदा आमचं दार उघडावं लागे. आता फोन जातो.

"काका, जरा आमच्या घरात जाल का? डबा बंद पडलाय वाटतं."

"गुरं सोडतोय रे. अर्ध्या तासात जातो."

अर्ध्या तासाने त्यांचा फोन. "हां, आलो. कुठलं बटण?"

"बटण नाही, पिन काढायची. टीव्हीखालच्या डब्याची."

"इथे दोन आहेत. एकाला शिंगं आहेत."

"शिंगंवाला. पिन काढा, दहापर्यंत मोजा आणि परत घाला."

काका मोठ्याने दहा अंक मोजतात. पिन घालतात. "आता दिसतंय का?"

लगेच दिसत नाही. राउटर जागा होऊन डबा त्याला सापडेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात आणि तेवढा वेळ फोन काही ठेवता येत नाही. मग काका सांगतात. यंदा मोहोर दोनदा आला. खालच्या वाडीतले गुरुजी पडले, खुब्याचं हाड मोडलं. तुमच्या परसातल्या फणसाची फांदी तारेवर आलीये, तोडू का? शाळेत आता सहाच मुलं उरलीत. चार कॅमेरे दिवसरात्र चालू असून यातलं अक्षरही मला कळलेलं नसतं. गावच्या बातम्या मला नियमितपणे कळतात त्या कॅमेरे बंद पडतात त्या दिवशी.

कॅमेरेवाल्याने यावर उपाय सुचवला होता. बाजारात टायमरचा सॉकेट मिळतो. रोज पहाटे तो पंधरा मिनिटं राउटरची वीज तोडतो आणि परत जोडतो. अडकलेली बहुतेक यंत्रं तेवढ्याने ताळ्यावर येतात, कुणाला आत जावं लागत नाही. टायमर मी आणलाय. कपाटात आहे.

रात्रीची कथा वेगळी. अंधारात कॅमेरा आपले इन्फ्रारेड दिवे लावतो, त्यांच्याभोवती किडे घोंगावतात आणि हे ध्यानात आलेला एखादा कोळी थेट काचेसमोर जाळं विणतो. उजेड जाळ्यावरूनच परत फिरतो आणि चित्र पांढरंफटक. कोळी हलला की मोबाइल वाजतो: 'हालचाल आढळली'. पहिल्या पावसाळ्यात आम्ही दचकून उठायचो. मग बायकोने माझ्या मोबाइलवरच्या सूचना बंद केल्या, आणि तेव्हापासून रात्रीची राखण कोळ्याकडेच आहे.

माणसांवर कॅमेऱ्याचा काय परिणाम होतो हे मला आमसुलांमुळे कळलं. आमच्या अंगणात सकाळपासून ऊन असतं, काकांच्या अंगणावर फणसाची सावली. त्यामुळे दर मे महिन्यात काकू कोकमाची सालं आमच्या अंगणात चटईवर वाळत घालतात. रोज आगळात बुडवायची, परत पसरायची. कॅमेरे बसले त्या वर्षी मोबाइलवर मला त्या वाकून सालं पसरताना दिसल्या. मधेच त्यांचं लक्ष वर गेलं. त्यांनी पदर नीट केला, थोडा वेळ कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी अंगण रिकामं. फोन केला तर म्हणाल्या, "तुमच्या त्या ह्याच्यात मी येत होते ना, म्हणून काढली." मी म्हटलं, काकू, तिथेच ऊन चांगलं लागतं, तिथेच घाला. त्या "बरं" म्हणाल्या. सालं परत आली. पण काकू आता भिंतीच्या कडेने येतात, जिथे चौकट संपते तिथून. कोलकात्यात दोन भावांच्या सामायिक घरातल्या कॅमेऱ्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि दुसऱ्याच्या संमतीवाचून घरात कॅमेरे चालवता येणार नाहीत हा उच्च न्यायालयाचा निकाल २०२५ मध्ये कायम राहिला. काकूंना निकालाची गरज पडली नाही. त्यांनी आपली वाट बदलली.

याच कॅमेऱ्यासमोर शिमग्यात मात्र सगळे आपण होऊन उभे राहतात. पालखी अंगणात येते तेव्हा माझा पुतण्या शारजात जागा असतो. ढोल आधी ऐकू येतो, पालखी मागाहून हलते, कारण तिकडून बघताना चित्र रखडतं. मग तो कमी ठिपक्यांचं अंधूक चित्र निवडतो आणि निशाणाच्या रंगावरून देव ओळखतो. पालखीबरोबरची पोरं वर बघून त्याच्या नावाने हाका मारतात. हा उपयोग कुठल्याच माहितीपत्रकात दिलेला नसतो.

छापलेला उपयोग, म्हणजे पुरावा, तो बंद घराच्या बाबतीत कच्चा आहे. एका कॅमेऱ्याचं दोन मेगाबिटचं चित्र दिवसाला साधारण २१-२२ जीबी जागा खातं. चार कॅमेरे धरले तर एक टेराबाइटची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुन्यावर नवं लिहिलं जातं. जूनमध्ये पंप गेला आणि आपण गणपतीला पोचलो, तर डिस्कवर फक्त आपणच बॅगा उतरवताना दिसणार. डब्यातला नाण्याएवढा सेल संपला असेल तर तारीखही १ जानेवारी २०००. अशी फीत घेऊन पोलीस ठाण्यात गेलो, तर नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडण्याआधीच हवालदार हसेल.

एवढं सगळं असूनही परवा काकांनीच विषय काढला. गेल्या वर्षी त्यांच्या दोन कलमांवरचा आंबा रात्रीत उतरवला गेला. "तुझा तो मागचा कॅमेरा माझ्या कलमांकडे वळव की जरा." कॅमेरेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, रात्रीचा पल्ला तीस मीटर, कलमं त्याच्याही पलीकडे. नवा घ्यावा लागेल, बांधावर खांब रोवावा लागेल. काका म्हणाले खांब माझा, वीजही माझ्या मीटरवरून घे, फक्त नेट तुझं. आणि मोबाइलवर दिसायला नको, मी काय रात्रभर बघत बसणार? तूच बघ आणि काही दिसलं तर फोन कर, मी बॅटरी घेऊन जातो. काकूंनी मागून विचारलं, त्यात आपलं न्हाणीघर येणार नाही ना? ते बघून ठरवायला कॅमेरेवाला शनिवारी येतो म्हणालाय. कुठल्या शनिवारी, ते बोलला नाही.