तळीत काय सोडावे?

नुस्ते म्हटले की ज्या घरात प्रथम हुमणाची आठवण होते, त्या घरात मासे केवळ पाहण्यासाठी पाळावेत, याची आप्तेष्टांनी थट्टा करणे साहजिकच आहे. आमच्या बेळगावच्या घरी दोन फूट लांबीची काचपेटी आली तेव्हा ती थट्टा आम्ही आनंदाने सोसली. परंतु मासे पाळणे निराळे आणि त्यांची वीण सांभाळणे निराळे. हा दुसरा प्रकार अखेर धर्मविचारापाशी येऊन ठेपतो.

सिक्लिड कुळातील लहान माशांचे शौकीन बहुधा दक्षिण अमेरिकेतील अपिस्टोग्रामा किंवा ओरिनोकोच्या खोऱ्यातील रामिरेझी यांच्या मागे असतात. तथापि याच कुळातील तीन जाती मूळच्या आपल्या देशातील आहेत. गोव्याचे काळुंदर, म्हणजेच केरळचे करीमीन, ही त्यांतील थोरली. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील नद्यांत आढळते ती दुसरी. तिसरी धाकटी, नारिंगी-पिवळ्या रंगाची, जेमतेम आठ सेंटिमीटर वाढणारी. ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १७९५ साली तिचे वर्णन केले. बाजारात तिला ऑरेंज क्रोमाइड म्हणतात. आम्ही पाळतो ती हीच. ती किनाऱ्याकडील मचूळ पाण्यातली असली तरी गोड्या पाण्यातही राहते. बेळगावची थंडी मात्र तिला मानवत नाही. पौष-माघात पाणी २५ ते २७ अंश राहील अशी हीटरची व्यवस्था करावी लागते.

जोडी जमली की नर-मादी मिळून एखादा दगड स्वच्छ करतात. त्यावर बारीक देठांनी चिकटलेली सुमारे २०० अंडी दिसू लागतात. दोघे आळीपाळीने पर हलवून अंड्यांवरून पाणी खेळते ठेवतात. सुमारे पाच दिवसांनी पिल्ले निघतात. मग वाळूत खळगे करून आईबाप त्यांना एका खळग्यातून दुसऱ्यात नेतात. पिल्ले पोहू लागली की आईबापांच्या अंगाला तोंड लावून त्वचेवरील बुळबुळीत स्राव खातात. ज्या जीवाला दूध नाही, त्याने आपल्या अंगावरच मुलांचे अन्न धरावे, हे पाहताना पेटीपुढून उठवत नाही.

पण एवढी पिल्ले दोन फुटांत कशी मावणार? घरातील थोरांनी सुचवले, ‘देवळाच्या तळीत सोडा, पुण्य लागेल.’ सूचनेमागील भूतदया खरी होती, म्हणूनच तिला उत्तर देणे कठीण गेले. १९५२ साली भारतात आणलेला आफ्रिकेचा तिलापिया हाही सिक्लिड कुळातीलच. त्याची मादी अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते. तो तळ्यांतून नद्यांत पसरला आणि कित्येक ठिकाणी मूळच्या माशांना डोईजड झाला. ज्या वात्सल्याचे आपण कौतुक करतो, तेच परक्या पाण्यात इतरांच्या मुळावर येऊ शकते. आमची क्रोमाइड देशीच. परंतु ती घाटाखालची. मार्कंडेय, घटप्रभा, वेदगंगा या घाटावरून पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्या तिचे घर नव्हेत. शिवाय पेटीतील रोगही तिच्यासोबत तळीत उतरू शकतो.

शतपथ ब्राह्मणातील मनूने हाती आलेला मासा आधी घड्यात, मग खड्ड्यात वाढवला आणि शेवटी समुद्रात नेऊन सोडला. कारण तेथेच तो निर्भय होता. आम्ही त्या कथेचा अर्थ असा घेतो, की ज्याला आश्रय दिला त्याचे योग्य स्थान शोधण्याचा भारही आश्रयदात्यावरच असतो.

म्हणून वीण घेण्याआधी आम्ही निपाणी-बेळगावच्या मत्स्यप्रेमी स्नेह्यांकडून किती पिल्लांना घर मिळेल ते विचारून ठेवतो. घरे नसतील तेव्हा जोडीमध्ये काच उभी करतो. घरात हे थोडे कठोर वाटले. पण जीव आणताना त्याच्या संततीचाही संकल्प करावा लागतो. तळीत सोडायचे ते त्या संकल्पाचे उदक. घरची पिल्ले नव्हेत.