कडी, हूक आणि फळी

सार्वजनिक स्वच्छतागृहाचा नकाशा समोर आला की मी आधी बायकांच्या बाजूचा एकच संडास निवडते आणि साडी नेसलेली बाई त्यात मनाने उभी करते. तीन बाय चार फूट जागा, दार आत उघडणारं. ते लावून घ्यायला तिला भांड्याच्या कडेशी अंग चोरून उभं राहावं लागतं. फरशी ओली. हूक नाही, फळी नाही. मग पर्स गळ्यात, पदर दातात, निऱ्या मुठीत. कडी मोडकी असेल तर दुसरा हात दारावर. पाळी चालू असेल तर नवं पॅड ठेवायला कोरडी जागा नाही, वापरलेलं टाकायला डबा नाही. कडेवर पोर असेल तर विचारूच नका.

या सगळ्याला वेळ लागतो. तरी बायका-पुरुषांना सारखी जागा दिली की न्याय झाला, असं आमच्या वास्तुरचनेच्या व्यवसायात सर्रास मानतात. बारा फुटांची भिंत घ्या. पुरुषांकडे तिच्यावर दोन-दोन फुटांच्या सहा मुताऱ्या बसतात. बायकांकडे तीन-तीन फुटांचे चार संडास. वेळ जास्त, सोय कमी, मग रांग बायकांचीच लागणार. वर पैसेही त्यांनीच द्यायचे. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून लघवीचेही पैसे, या अन्यायाविरुद्ध मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ मोहीम उभी राहिली. लघवीला जावं लागू नये म्हणून बाजारात दिवसभर बसणाऱ्या कितीतरी जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लोक याला बायकांची सवय म्हणतात. मी हा रचनेचा दोष मानते.

घरातही तेच. ओट्याची उंची गवंडी सगळीकडे एकच धरतो. कणीक मळताना हात कोपराच्या बरेच खाली टेकायला हवेत. पाच फुटांची बाई त्याच ओट्यावर खांदे उचलून मळत राहते, वर्षानुवर्षं.

मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी १९२६ मध्ये ‘फ्रँकफर्ट किचन’ हे स्वयंपाकघर आखलं. त्यांना स्वतःला तेव्हा स्वयंपाकाचा अनुभव नव्हता. पण कोणत्या कामाला किती पावलं आणि किती वेळ लागतो, याचा त्यांनी अभ्यास केला आणि बसून काम करता यावं म्हणून खिडकीपाशी टेबल आणि फिरतं स्टूल दिलं. म्हणून, ‘आम्हा पुरुषांना हे कसं कळणार’ ही सबब मला पटत नाही. बघावं, मोजावं, विचारावं.

विचारलं की काय होतं, ते पुण्यात दिसलं. १९९९ पासून तिथल्या वस्त्यांमध्ये सामुदायिक स्वच्छतागृहं बांधली गेली, त्यात ‘स्पार्क’ या स्वयंसेवी संस्थेबरोबर ‘महिला मिलन’ या संघटनेतल्या, वस्तीतच राहणाऱ्या बायका रचनेपासून होत्या. बायका-पुरुषांच्या रांगा वेगळ्या झाल्या. मोठ्यांच्या रांगेत पोरं मागे ढकलली जातात, म्हणून त्यांच्यासाठी निराळे, छोटे संडास आले. आणि दारं आत-बाहेर दोन्हीकडे उघडणारी केली, कारण आत जाताना हातात पाण्याची बादली असते! हातात बादली असते हे ज्यांनी रोज ती उचलली, त्यांनाच सुचलं.

तुमच्या वॉर्डात नवं स्वच्छतागृह मंजूर झालं, तर काम सुरू होण्याआधी नकाशा बघायला मागा. बायकांकडचे संडास मोजा. हूक, फळी, डबा आणि आतला दिवा कुठे आहे, हे विचारा. नसेल तर लेखी हरकत नोंदवा. बांधकाम झाल्यावर तिथे कुणी हात लावत नाही.