ऊब जाते कुठे?

रात्री तीनच्या सुमारास आजीने दुलईखाली हात घालून पाहिले, तर पायमोज्यांतही बाळाचे पाय गार पडले होते. खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर गरम हवा येण्याची जाळी होती. आजीने तिच्यावर तळहात धरला. हवा येत होती, पण कशी? एखाद्याने दुरून हलकेच फुंकर घालावी तशी. हॉलमधला थर्मोस्टॅट मात्र ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले २१ अंश सेल्सिअस दाखवत निवांत बसला होता.

आजी-आजोबा सोलापूरचे. दिवाळी आटोपून नोव्हेंबर २०२४ मध्ये दोघे सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या एडिसनला आले होते. मुलाने २०२२ मध्ये घेतलेले घर होते १९५६ सालचे. मागची एक खोली नंतर कोणीतरी वाढवलेली. हीच खोली आजी-आजोबांना मिळाली होती आणि सुनेला रात्री दोन घटका झोप लागावी म्हणून बाळाचा पाळणाही तिथेच आणला होता. जानेवारी उजाडला तशी बाहेरची थंडी शून्याखाली गेली आणि या खोलीत स्वेटरवर शाल घेऊन बसायची वेळ आली.

"आई, तुम्ही सोलापूरहून आलात ना, म्हणून तुम्हाला जास्त वाजतं," मुलगा म्हणाला. पण बाळ काही सोलापूरहून आले नव्हते.

आपल्याकडे घर थंड कसे ठेवायचे ही चिंता, तिकडे गरम कसे ठेवायचे ही. तिथल्या अनेक जुन्या घरांत तळघरात गॅसवर चालणारी भट्टी असते. तिला फर्नेस म्हणतात. तिच्यातला पंखा गरम हवा पत्र्याच्या नळ्यांतून, म्हणजे डक्टमधून, खोल्याखोल्यांत ढकलतो आणि खोल्यांतली गार झालेली हवा दुसऱ्या डक्टमधून परत ओढून घेतो. म्हणजे जाणारी वाट आणि येणारी वाट. घरातल्या माणसांना दिसतात त्या फक्त दोन्हीकडच्या जाळ्या. मधले सगळे जाळे भिंतींत, फरशीखाली, तळघराच्या छताला लपलेले असते. नळाला गळती लागली तर जमीन ओली होते, छप्पर गळले तर भिंतीवर डाग पडतो. हवेच्या गळतीचा डाग कुठेच पडत नाही. ती दिसते फक्त बिलात.

बिल तर दर महिन्याला फुगत होते. मुलाने एका कंपनीचा माणूस बोलावला. त्याने दहा मिनिटे फर्नेस पाहिली आणि सांगितले, "ही जुनी झाली, हिच्याहून मोठी बसवा." खर्च कित्येक हजार डॉलर. मुलगा होकार द्यायच्या बेतात होता. तेव्हा आजोबा एवढेच म्हणाले, "अरे, भट्टी तापतेय की चांगली. हवा पोचत नाहीये. वाटेत कुठंतरी गळतेय."

"बाबा, ही मिल नाही," मुलगा म्हणाला. तो चिडून बोलला नव्हता. ऑफिसातून थकून आलेल्या माणसाने विषय संपवावा, तसा त्याने संपवला. पण आजोबा दुसऱ्या दिवशी दिवसभर काही बोलले नाहीत. आजीला लसूण सोलून देत बसले.

## सुताचा धागा आणि उदबत्ती

मुलगा बोलून गेला त्यात एक गंमत होती. आजोबांचा जन्म गेला होता तो सोलापूरच्या एका सूतगिरणीत, हवेच्याच खात्यात. गिरणीत हवा कोरडी झाली की सूत तुटते. म्हणून ओलसर हवा मोठमोठ्या पत्र्याच्या डक्टमधून सगळ्या खात्यांत सोडावी लागते. त्या डक्टचे सांधे आजोबांनी तीस वर्षे बांधले होते. गिरणीत आगपेटी नेणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडणे. त्यामुळे गळती शोधायला ते सुताचा एक धागा सांध्याजवळ धरत. धागा हलला की खडूने फुली मारायची. निवृत्त झाल्यावर हे ज्ञान कोणाच्या उपयोगाचे? परदेशात मुलाकडे आलेल्या वडिलांना टीव्हीचा रिमोट मिळतो, फिरायला जाताना घालायला जाडजूड कोट मिळतो. काम मिळत नाही.

दोन दिवसांनी बर्फ पडला. सकाळी खिडकीशी उभे असताना आजोबांना दिसले, सगळ्या घराभोवती पांढरीशुभ्र रांगोळी आणि नेमका त्यांच्या खोलीच्या भिंतीखाली हातभर रुंदीचा ओला, काळा पट्टा. बर्फ तिथे टिकतच नव्हता. घरातली सगळ्यात गार खोली, आणि तिच्याच पायाशी जमीन गरम! त्यांनी सुनेला हाक मारली. "सूनबाई, जरा इकडं बघ. आपली गॅसची बिलं हा बर्फ वितळवायला चाललीत."

सून हसली, पण लगेच गंभीर झाली. तिलाही काहीतरी सांगायचे होते. तळघरात कपडे धुवायला गेले की डोके जड होते, मळमळते. बाळंतपणातले जागरण म्हणून तिने कोणाला सांगितले नव्हते. (बायकांच्या निम्म्या दुखण्यांना घरात 'जागरण' हेच नाव असते, ती स्वतःही तेच देते.) आजोबांनी आजीच्या देवघरातून दोन उदबत्त्या घेतल्या. गॅसचा वास कुठे येत नाही ना, याची आधी खात्री करून घेतली आणि दोघे खाली उतरले.

फर्नेसचा पंखा सुरू होता. गरम हवेच्या नळ्यांपाशी धूर सांध्यासांध्यावर उधळत होता. एवढी गळती तर त्यांना अपेक्षितच होती. मग आजोबांनी उदबत्ती परतीच्या डक्टजवळ नेली. फर्नेसला चिकटलेली पत्र्याची पेटी खालून गंजून फाटली होती. वर तर धड डक्टच नव्हती. छताच्या दोन वाशांमधल्या पोकळीला खालून पत्रा ठोकून कोणीतरी वाट काढून दिली होती. त्या काळच्या घरांत असे सर्रास केलेले आढळते. धुराची रेघ ताठ झाली आणि त्या फटीत सरळ खेचली गेली.

आजोबांचा चेहरा बदलला. शेजारीच पाणी तापवायची गॅसची टाकी होती, तिचा धूर वर धुराड्यात नेणारी नळी होती. टाकी आणि नळी यांच्यामध्ये मुद्दाम थोडी मोकळी जागा ठेवलेली असते. पेटलेल्या टाकीच्या त्या जागेशी उदबत्ती धरली तर धूर वर ओढला जायला हवा. तो उलटा बाहेर आला, आजोबांच्या तोंडावर. पाठोपाठ दमट, कोंदट, ऊन वाफारा.

"सूनबाई, बाळाला आणि आईला घेऊन बाहेर हो. कोट घाल आणि बाहेर हो. आत्ता."

## चुलीचा धूर उलटा का फिरतो?

गॅस कंपनीचा माणूस तासाभरात आला. त्याच्या मीटरने तळघरात कार्बन मोनॉक्साइड दाखवला. टाकीचा बर्नर काजळलेला होता. त्याने टाकी आणि फर्नेस दोन्ही बंद करून त्यांवर लाल चिठ्ठ्या लावल्या. त्या दोन रात्री सगळे कुटुंब मराठी मंडळातल्या एका घरी राहिले.

हा वायू आपल्यालाही परका नाही. बंद बाथरूममध्ये गॅसच्या गीझरने माणसे दगावल्याच्या बातम्या आपण हिवाळ्यात वाचतो, तो हाच. त्याला रंग नाही, वास नाही. घरात धोक्याची घंटा बसवलेली होती, पण वरच्या मजल्यावर. शिवाय ही घंटा अगदी थोड्या प्रमाणाला वाजत नाही, तशी ती बनवलेलीच असते. डोकेदुखी ही सुनेला मिळालेली पहिली घंटा होती.

घडले होते ते असे. परतीच्या डक्टने हवा खोल्यांतून ओढायची. पण तिला फर्नेसपाशीच भगदाड पडल्यामुळे ती तळघरातली हवा ओढत होती. तळघराची दारे-खिडक्या थंडीमुळे घट्ट बंद. मग कमी पडलेली हवा भरून काढायला कुठून येणार? जी वाट उघडी होती तिथून, म्हणजे धुराड्यातून. धूर वर जाण्याऐवजी खाली खेचला गेला. वारा उलटा फिरला की चुलीचा धूर घरात कोंडतो, हे आपल्या आज्यांना पाठ होते. इथे तो वारा घरातल्याच पंख्याने निर्माण केला होता आणि ओढलेली हवा तोच पंखा पुन्हा खोल्याखोल्यांत पोचवत होता. बाळाच्या खोलीत ती सगळ्यात कमी पोचली. केवळ तिकडची डक्ट तुटली होती म्हणून.

अशा घरात उत्साहाच्या भरात नुसत्या गरम हवेच्या नळ्या लिंपल्या असत्या, तर धोका वाढला असता. गळणाऱ्या गरम हवेने तळघराची थोडी तरी भरपाई होत होती, तीही थांबली असती. म्हणून आधी परतीची वाट बंद करायची, मग जाणारी, आणि काम संपल्यावर धुराड्याची ओढ पुन्हा तपासायची, हा क्रम.

या वेळी मुलाने फर्नेस विकणारा माणूस बोलावला नाही, हवेची गळती मोजणारा बोलावला. त्याने सगळ्या जाळ्या कागदाने बंद केल्या, एका ठिकाणी स्वतःचा पंखा जोडून डक्टमध्ये २५ पास्कल दाब भरला आणि तो दाब टिकवायला किती हवा लागते ते पाहिले. जेवढी हवा लागते, तेवढी गळती. एनर्जी स्टार या अमेरिकी सरकारच्या योजनेनुसार सामान्य घरात डक्टमधून वाहणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा वाटेतच गळते. इथे तर एक आख्खी नळी निखळलेली होती. मागच्या खोलीखाली जेमतेम सरपटत जाता येईल एवढी पोकळी होती. तिथे सांधा सुटून नळी जमिनीवर पडली होती आणि मातीला ऊब देत होती. बर्फ का टिकत नव्हता, ते मुलाला तेव्हा कळले.

तळघरात जुन्या सांध्यांवर पांढरट कागदी पट्ट्या होत्या. आजोबांनी त्या खरवडायला पट्टी उचललीच होती, तोच त्या माणसाने त्यांचा हात धरला. त्या काळच्या घरांत या पट्ट्यांत ॲसबेस्टॉस असू शकते. खरवडले की त्याचे तंतू हवेत उडतात, फुप्फुसात जातात आणि वर्षानुवर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. तपासणीत ॲसबेस्टॉसच निघाले. तेवढे काम परवाना असलेल्या लोकांनी केले आणि त्याचे पैसे चांगले मोजावे लागले. "आमच्या वेळी गिरणीत बॉयलरच्या पाइपांवर हेच लिंपायचो, उघड्या हातानं," आजोबा हळूच म्हणाले. त्यावर कोणी काही बोलले नाही.

परतीची पेटी नवीन पत्र्याची केली, टाकीचा बर्नर साफ करून घेतला. बाकीचे काम मात्र आजोबांनी मागून घेतले. मुलगा दुकानातून 'डक्ट टेप' घेऊन आला. नावातच डक्ट आहे म्हटल्यावर चूक कोणाचीही होईल. पण कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने वेगवेगळ्या पट्ट्या आणि लेप गरम-गार करून तपासले, तेव्हा टिकली नाही ती नेमकी ही कापडी डक्ट टेपच. हे १९९८ मध्येच जाहीर झाले. तिचा चीक उष्णतेने वाळतो आणि ती सुटते. कामाला येते ते मॅस्टिक, म्हणजे ब्रशने लावायचा घट्ट लेप, आपल्या लांबीसारखा. वाळल्यावरही तो थोडा लवचिक राहतो. गोल नळीचा सांधा आधी निदान तीन स्क्रूंनी आवळायचा, मग लेप. फट पाव इंचाहून मोठी असेल तर आधी काचतंतूंची जाळी, तिच्यावर लेप. त्याच प्रयोगशाळेतून निघालेली आणखी एक युक्ती आहे, आतून कणांचा फवारा मारून बारीक फटी बुजवण्याची. ती भिंतीआडच्या नळ्यांना उपयोगी पडते, पण निखळलेला सांधा त्याने जुळत नाही.

तो जुळवायला मुलगा पोकळीत शिरला. तोंडाला मास्क, कपाळावर दिवा. आजोबा बाहेर बसून एकेक सूचना देत होते. "आत जाणारं तोंड हवेच्या दिशेनं ठेव. हं. आता स्क्रू. घाई करू नको, लेप बोटभर जाड लागत नाही, सारखा लागायला पाहिजे." मध्येच आतून आवाज आला, "बाबा, दुसरा पण सांधा ढिला आहे, काय करू?" आजोबांनी लगेच उत्तर दिले नाही. बर्फात बसल्या बसल्या जरा हसले आणि मग म्हणाले, "थांब, धागा देतो. आधी बघू या."

नळीवर उष्णता धरून ठेवणारे आवरण गुंडाळायचे काम तेवढे रविवारवर ढकलले. धुराड्याची ओढ पुन्हा तपासून झाली. या वेळी उदबत्तीचा धूर सरळ वर गेला. तळघरातही एक धोक्याची घंटा बसली. फर्नेस जुनीच राहिली.

फेब्रुवारीत पुन्हा बर्फ पडला. सकाळी आजी खिडकीशी गेली आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली, "अहो, या बाजूचाही बर्फ आता आपल्यालाच उपसावा लागणार." मागे पाळण्यात बाळाने पायमोजे लाथाडून टाकले होते.