वारस आणि निराधार

मराठीतील ‘मिळकत’ हा शब्द मोठा फसवा आहे. माणूस महिनाभर राबून जे घरी आणतो ती मिळकत, आणि वाडवडिलांनी मागे ठेवलेले घर किंवा शेत तीही मिळकतच. पहिली चुलीवर शिजते, दुसरी कागदावर नांदते. जाणकारांनी या दोहोंस ‘उत्पन्न’ आणि ‘मालमत्ता’ अशी निरनिराळी नावे दिली आहेत खरी. परंतु व्यवहारात हा भेद पुसला गेला म्हणजे कोणाच्या ताटातील भाकरी कमी होते, याचा विचार आपण सुशिक्षित मंडळी क्वचितच करतो.

आमच्या अंबरनाथास हा विचार विशेष लागू पडतो. इतिहासकारांस हे गाव शके ९८२ मधील शिवालयामुळे ठाऊक आहे. आमच्या बाळपणी ते काड्यापेट्यांच्या कारखान्यामुळे ठाऊक होते. आज पोटार्थी माणसास ते एमआयडीसीमुळे ठाऊक आहे. रसायनांच्या आणि यंत्रांच्या त्या कारखान्यांत दूरदूरच्या गावांहून माणसे येतात. त्यांचे वडील, भाऊ आणि शेत मागे गावीच राहते. त्यामुळे येथील कामगाराच्या कुटुंबाची स्थिती चमत्कारिक होते. ते निर्धन होते येथे आणि वारस होते तेथे.

आमच्या घरी पोळ्या करावयास येणाऱ्या एका बाईंचे असेच झाले. त्यांचे यजमान एमआयडीसीतील एका कारखान्यात कंत्राटदाराच्या हाताखाली रोजंदारीवर होते. काही वर्षांपूर्वी ते आजाराने गेले. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात त्यांचे नाव कधी लागलेच नव्हते. पदरी एक शाळकरी मुलगा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून महिना १,५०० रुपये मिळत, त्यावर खोलीचे भाडे कसेबसे भागे. पुढे गावी सासरे वारले. त्यांनी स्वकष्टाने घेतलेली दोन एकर जिरायत जमीन होती.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने बापाआधी मरण पावलेल्या मुलाची विधवा आणि तिची मुले यांस पहिल्या वर्गातील वारस मानले आहे. त्या सर्वांस मिळून त्या मुलाचा एक हिस्सा मिळतो. येथे दोन दीर, एक नणंद आणि ही मायलेकरे, असे चार हिस्से झाले. ऐंशी गुंठ्यांतील वीस गुंठे या शाखेस. त्यांत आईचे दहा आणि मुलाचे दहा. फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नावे चढली. एवढ्यावर सारे थांबले. मोजणी नाही, वाटप नाही. नांगर दिरांचा आणि धान्यही दिरांच्याच घरी. बाईंच्या वाट्यास त्या शेतातील पायलीभर जोंधळाही आला नाही.

आला तो एक प्रश्न. एका कचेरीत वार्षिक तपासणीच्या वेळी त्यांस विचारण्यात आले, “बाई, तुमच्या नावावर जमीन आहे, मग तुम्ही निराधार कशा?” खुलासा होईपर्यंत अनुदान अडकले. बातमी गावी पोहोचावयास वेळ लागला नाही. धाकट्या दिरांचा फोन आला : “वहिनी, हक्कसोडपत्र करून द्या. तुमचे अनुदानही वाचेल आणि आमचाही घोळ मिटेल.” बाई आम्हांस विचारू लागल्या, “सर, दीड हजार दर महिन्याला दिसत होते. जमीन मी लग्नात पाहिली, तेवढीच. करू का सही?”

या प्रश्नाने आम्ही अस्वस्थ झालो. अनुदान ही दुर्बळास दिलेली काठी. ती काठी हातची जाऊ नये म्हणून दुर्बळाने आपला जन्माचा हक्क सोडावा, आणि तो सोडविण्याचे काम नियमाच्या धाकाने आपोआप व्हावे, हे त्या योजनेच्या कर्त्यांच्या स्वप्नीही नसेल. नोंदलेले हक्कसोडपत्र मागे घेणे फार दुर्घट. अनुदान मात्र एका शेऱ्याने पुन्हा बंद होऊ शकते.

नियम काय म्हणतो? विधवेसाठी या योजनेची अट कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची आहे, आणि ती मर्यादा २१,००० रुपये, म्हणजे महिना १,७५० रुपये आहे. शब्द ‘उत्पन्न’ हा आहे. न वाटलेल्या, दुसऱ्याच्या ताब्यातील वीस गुंठ्यांपासून हाती आलेले उत्पन्न शून्य. मालमत्तेचीच कसोटी लावावयाची तर ती उघडपणे लावावी. ब्रिटनमध्ये १६,००० पौंडांहून अधिक भांडवल असणाऱ्यास युनिव्हर्सल क्रेडिट हे साहाय्य मिळत नाही. कसोटी कठोर असेल, पण तिला आकडा आहे. आकडा नसला म्हणजे टेबलापलीकडच्या माणसाच्या समजुतीवर सारे अवलंबून राहते.

इंग्रजी कायद्यातील आणखी एक गोष्ट येथे आठवते. क्वीन्सलंडमधील एका विधवेच्या वारसाकराच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९६४ साली असा निर्णय दिला की, मृताच्या इस्टेटीची व्यवस्था पुरी होईपर्यंत उर्वरित इस्टेटीच्या वारसास तीतील कोणत्याही वस्तूवर मालकी सांगता येत नाही. तोवर मालकी व्यवस्थापकाची. आपल्याकडे मृत्युपत्रावाचून मेलेल्या हिंदूची मिळकत मृत्यूच्या क्षणीच वारसांकडे जाते. मालकीत क्षणाचाही खंड पडू नये हे तत्त्व उदात्त आहे. परंतु मालकी क्षणात येते आणि ताबा वर्षानुवर्षे येत नाही, त्या मधल्या काळाची दखल कोण घेणार? कायद्याच्या दृष्टीने बाई जमीनदार झाल्या. वाण्याच्या दृष्टीने त्या होत्या तेथेच आहेत.

याहून मनास लागणारी गोष्ट अशी. याच बाईंच्या यजमानांचे नाव भविष्यनिर्वाह निधीत रीतसर लागले असते आणि नोकरीत असताना एका महिन्याची वर्गणी जरी भरली गेली असती, तरी १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेखाली त्यांस विधवा-पेन्शन मिळाले असते. २०१४ पासून त्याची किमान रक्कम महिना १,००० रुपये आहे. रक्कम लहान खरी. पण ते घेणाऱ्या विधवेस तुझ्या नावावर किती गुंठे, असे कोणी विचारीत नाही, कारण ते नवऱ्याच्या श्रमाचे फळ आहे. त्याच कारखान्यात, त्याच धुरात, तितकेच तास राबलेल्या दुसऱ्याच्या पत्नीस मात्र दरसाल आपले निराधारपण सिद्ध करावे लागते. नाव लावण्यात झालेल्या कुचराईचा दंड असा विधवेकडून वसूल होतो.

सरकारी पैशाचा हिशेब चोख असावा, याविषयी दुमत नाही. बागायती शेत, पक्के घर आणि कमावते मुलगे असूनही निराधारांच्या यादीत बसणारी माणसे आम्हीही पाहिली आहेत, आणि प्रश्न विचारणारा कारकून आपले कर्तव्यच करीत होता. आमचे म्हणणे इतकेच की, वारसाचा हिस्सा वाटून त्याच्या हाती येईल त्या दिवसापासून त्याचे उत्पन्न मोजावे. तोवर नाव हे नाव समजावे.

बाईंस आम्ही सही करू नका असे सांगितले. मुलगा अज्ञान आहे. त्याच्या हिश्श्याचे हस्तांतर न्यायालयाच्या परवानगीवाचून आईसही करता येत नाही, हे दिरांस कळविले तेव्हा फोन थांबले. उत्पन्नाच्या दाखल्याच्या अर्जात जमिनीचा ताबा कोणाकडे आहे हे स्पष्ट लिहिले, आणि जमिनीच्या वाटपासाठी निराळा अर्ज तयार केला. तो वाचून दाखविल्यावर बाईंनी विचारले, “सर, इथे माझ्या नावापुढे काय लिहिलंत?” आम्ही म्हटले, “वारस.” त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारला, कागदावर सही केली आणि त्या पोळ्या लाटावयास आत गेल्या.