मलाजखंडचं तांबं आणि पाचशे कंपन्या

मलाजखंडच्या खाणीत अठ्ठावीस वर्षं काढली. पगार तांब्याचा, पीएफ तांब्याचा, वर वारासिवनीकडे तीन एकर धान. 2021 च्या डिसेंबरात पुण्याचा भाचा आला नि म्हणाला, "मामाजी, थोडे पैसे अमेरिकेत टाका." मी हसलो.

"तुमच्या तांब्याचा भाव कुठे ठरतो?" त्याने विचारलं. लंडनच्या धातुबाजारात. तिथे भाव पडला की इथे कॅन्टीनमध्ये आमचे चेहरे पडायचे. गप्प बसलो.

भाच्याने सुचवला तो एस अँड पी 500 चा, म्हणजे अमेरिकेतल्या पाचशे मोठ्या कंपन्यांच्या यादीचा, इंडेक्स फंड. त्यात कंपन्या निवडणारा कोणी हुशार माणूस नाही. यादीतल्या सगळ्या घ्यायच्या, मोठीचा वाटा मोठा. जॉन बोगल यांनी 1976 मध्ये सामान्यांसाठी असा फंड काढला, तेव्हा त्यांचीही थट्टाच झाली होती. खर्च कमी, एवढंच त्याचं भांडवल. मला ते पटेना, म्हणून धान खरेदीच्या पावतीमागे हिशेब मांडला. एक लाख, वीस वर्षं, दहा टक्क्यांनी 6 लाख 73 हजार. दरवर्षी एक टक्का खर्चात गेला, तर 5 लाख 60 हजार. एकट्या एका टक्क्याने मुद्दलाहून जास्त खाल्लं! पावती दोनदा तपासली.

दहा टक्के कोणी लिहून देत नाही. 2000 ते 2009 या दहा वर्षांत याच पाचशे कंपन्यांनी मुद्दलही राखलं नव्हतं, हे भाच्यानेच सांगितलं. म्हणून तर त्याच्यावर विश्वास बसला.

केवायसी होईतो फेब्रुवारी 2022 उजाडला. सगळ्या म्युच्युअल फंडांची मिळून परदेशी गुंतवणुकीची सात अब्ज डॉलरची मर्यादा भरत आलेली. नवे पैसे घेणं बंद. "बरं झालं," बायको म्हणाली.

मे महिन्यात लांजीकडचं, काही महिन्यांत पैसे दुप्पट करून देतो म्हणणारं 'डबल मनी' प्रकरण फुटलं. आमच्या वॉर्डातल्या एकाने त्यात ट्रॅक्टरसाठी जमवलेले पैसे घातले होते. हिवाळ्यात त्याने मला विचारलं होतं, "तुमचा अमेरिकावाला किती महिन्यांत दुप्पट करतो?" सांगता येत नाही म्हटल्यावर तो हसला होता. आता तो समोरून आला की मीच रस्ता बदलतो. काय बोलणार?

जूनमध्ये काही फंड पुन्हा उघडले. महिन्याला दोन हजार लावले. त्याहून जास्त नाही, आणि जमिनीला हात नाही, ही हिची अट. हल्ली बाजारातून आलो की धानाच्या भावासोबत ती डॉलरचाही भाव विचारते.