पैठणीची मोड

चांदी किलोला लाखाच्या वर गेली आणि बेगमपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत जरवाले पुन्हा दिसू लागले. मधली कित्येक वर्षं ते जवळजवळ नाहीसेच झाले होते. ‘जुनी जर, जरीच्या साड्याऽऽ’ अशी हाळी आली की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पलंगावरून कान देऊन ऐकायच्या. एके दुपारी म्हणाल्या, “बोलव त्याला. माझी लग्नातली पैठणी दाखवू.”

ही पैठणी १९६३ सालची. त्या वर्षी जानेवारीत मोरारजी देसाईंचं सुवर्ण नियंत्रण आलं आणि चौदा कॅरटपेक्षा चोख सोन्याचे दागिने घडवायला बंदी झाली. चौदा कॅरटचा हार लेकीच्या गळ्यात घालायला आत्याबाईंच्या वडिलांचं मन होईना. त्यांनी पैठण गाठलं आणि साडेतीनशे रुपयांची पैठणी आणली. जांभळा रंग, नारळी काठ, पदरावर मुनिया. नंतर महालक्ष्म्यांच्या सणाला, मुंजींना, घरातल्या प्रत्येक हळदीकुंकवाला ती आत्याबाईंच्या अंगावर असायची. आता घड्यांवर विरली होती. उलगडली की रेशमाचा भुगा हाताला लागायचा. जर तेवढी धड होती, फक्त काळवंडलेली.

जरवाल्याने पदराच्या टोकाचे चार धागे ओढले आणि काडीने पेटवले. रेशीम गेलं, राखेत मऊ तार उरली. ती त्याने दगडावर घासून पाहिली. तांबूस ओरखडा आला असता तर तो तिथूनच उठला असता. “खरी चांदी हाय, आजी. सात हजार देतो.” काठ आणि पदर जाळून तो चांदी काढणार होता. मी विचारलं, “आणि पदरावरच्या मुनिया?”

“त्या जळतात, ताई.”

सराफाकडे पाटल्या मोडायला नेल्या की घडणावळ जाते आणि सोन्याचे पैसे हातात येतात, हे आपल्याला पाठ असतं. पैठणीचा हिशेब त्याहून निष्ठुर. पाटलीत घडणावळ हा वरचा खर्च. पैठणीत तोच मोठा भाग, धातू थोडा. मोडायला गेलं की त्या थोड्याचेच पैसे येतात. १९६३ साली सोनं तोळ्याला शंभर-सव्वाशेच्या आत होतं. म्हणजे साडेतीनशेत तीन तोळे आले असते आणि आज त्यांचे तीन लाखांवर झाले असते. मी हे मोबाईलवर मांडून आत्याबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा न लावताच उत्तर दिलं, “सोनं नेसता आलं असतं का?” आणि मग जरवाल्याला घासाघीस करून साडेनऊ हजारांवर आणलं. मला वाटलं होतं, ऐनवेळी त्यांचे डोळे भरतील. तसं काही झालं नाही. नोटा मोजून त्यांनी उशीखाली ठेवल्या आणि म्हणाल्या, “तुझ्या पुतण्याच्या लग्नात नव्या सुनेच्या पैठणीला घाला.”

नव्या पैठणीसाठी जाऊबाई, होणारी सून आणि मी पैठणला गेलो. शहरापासून पन्नासेक किलोमीटर. या गावाला महागड्या मालाची सवय दोन हजार वर्षांची. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणचे मौल्यवान खडे गाड्यांतून भडोचला जात असल्याची नोंद आहे. भारतातला माल रोममध्ये मूळ किमतीच्या शंभरपटीने विकला जातो, अशी तक्रार प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच केली होती. गिऱ्हाईकाची कुरकुर जुनीच.

दुकानात सगळ्या पैठण्या सारख्याच चमकतात. यंत्रमागावरची सेमी पैठणी काही हजारांत मिळते. हातमागावरची दहा-बारा हजारांपासून सुरू होते, आणि पदर भरगच्च असला, ब्रोकेड काठ असला की लाखाच्या पलीकडे जाते. दुकानातून आम्ही थेट एका विणकराच्या घरी गेलो. माग पुढच्या खोलीत, पाय खड्ड्यात. पदर अर्धा झाला होता. जरीच्या जमिनीत मोर भरायचा तर प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली लागते. एका ओळीत अशा कितीतरी तिल्ल्या लोंबत असतात आणि रंग बदलेल तिथे धागा शेजारच्या धाग्यात अडकवून परत फिरवायचा. म्हणून उलट्या बाजूलाही मोर तसाच दिसतो. यंत्रावरच्या साडीला मागे सुटे धागे राहतात, ते कापावे लागतात. दिवसभर बसून पदर बोट-दोन बोटं पुढे सरकतो. साधी साडी महिनाभरात उतरते, भरल्या पदराची सहा महिने, वर्षसुद्धा घेते.

रेशीम बेंगळुरूचं, जर सुरतेची. जरीचे प्रकार त्याने बोटांवर मोजून दाखवले. खरी म्हणजे रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा, हाफ-फाइन म्हणजे तांब्याच्या तारेवर चांदीचं पाणी, मग टेस्टेड, आणि शेवटी प्लास्टिकची. “खरी जर आता कोणी सांगितली तरच आणतो,” तो म्हणाला. “चांदीचा भाव बघता ना. तिच्यापायी साडी लई महाग पडते, अन् काळी तीपण पडते.” खऱ्या जरीला द्यायचा जास्तीचा पैसा टेस्टेड जरीवर वाचवला तर पदरात काय होईल, असं मी विचारलं. त्याने कागदावर चौकोन पाडले: एका ओळीऐवजी दोन ओळी मुनियांच्या, बांगडी मोर, वर आसावली. सून खूश झाली. जाऊबाई नाही.

“खरी जर नसेल तर पैठणी कसली? उद्या मोडायला गेलो तर?”

परतीच्या वाटेवर मी त्यांना आमच्या दारातल्या मकबऱ्याचं उदाहरण दिलं. आझमशाहने आईसाठी, दिलरस बानूसाठी बांधलेला. संगमरवर खाली कमरेएवढा आणि वर घुमटाला. मधला सगळा भाग काळा दगड आणि त्यावर घोटलेला गिलावा. खर्च सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे असा नोंदला गेला आहे, ताजमहालापुढे किरकोळच. तरी संगमरवर स्वस्त नव्हता. टॅव्हर्निए नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्याने या कामासाठी संगमरवर वाहणाऱ्या सुमारे तीनशे गाड्या वाटेत पाहिल्या; त्यातल्या सर्वांत लहान गाडीला बारा बैल होते. गिलाव्याची पुरातत्त्व खात्याला अधूनमधून डागडुजी करावी लागते, ते खरं. पण त्यातली नक्षी पाहायला मी आजही थांबते. संगमरवराच्या साध्या फरशीपाशी नाही. शहरातला हिमरूही तसाच: ताणा सुताचा, बाण्यात रेशीम, पण कापड पाहून नवाबांनी शेरवान्या शिवल्या.

“म्हणून तर लोक त्याला गरिबांचा ताज म्हणतात,” जाऊबाई म्हणाल्या. या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरं सांगायचं तर त्यांची भीती खोटी नाही. त्यांच्या माहेरी एका दुष्काळात जरीची साडी विकून बाजरी आली होती. मोडता येण्याजोगी वस्तू घरात असणं ही चैन नाही, हे मी शहरात पगारावर वाढलेली बाई त्यांना काय सांगणार? पण त्यासाठी चांदी हवी असेल तर चांदीच घ्यावी. चांदीची वाटी घडणावळ वजा जाता भावाला भाव देते. साडीत चांदी गुंतवायची, ती वर्षानुवर्षं घामा-अत्तराने काळी करायची आणि शेवटी जरवाल्याने अर्धी किंमत सांगायची, हा सौदा मला पटत नाही. पैठणीला मी पैसे देणार ते त्या तिल्ल्या फिरवणाऱ्या बोटांचे, आणि ते बुडीत खातीच धरून देणार.

शेवटी आत्याबाईंनीच निकाल लावला: जर टेस्टेड, पदर दुहेरी, आणि उरलेल्या पैशांत सुनेला चांदीचं करंडा-फणी. जाऊबाई गप्प बसल्या, समाधान झालं असं नव्हे.

इसार द्यायला मी पुन्हा गेले तेव्हा विणकराने अर्धे पैसे आधी मागितले. रेशीम आणि जर त्याला रोखीत आणावी लागते, व्यापारी उधार देत नाही. त्याची मजुरी साडी मागावरून उतरल्यावर. मी आकडा विचारला, त्याने सांगितला आणि लगेच म्हणाला, “जास्त वाटत असंल तर एक ओळ कमी करू, ताई.” मी नको म्हटलं. तारीख दिवाळीनंतरची ठरली.