अभय कुणाला?

‘सँक्च्युअरी’ला आपण अभयारण्य म्हणतो. रोजच्या बोलण्यात त्यातलं ‘अभय’ विरून जातं. मिसूरीत राहायला आल्यावर मला ते पुन्हा ऐकू यायला लागलं, कारण इथे अवतीभवती अभय मिळालं होतं ते बंदुकांना.

शेजारच्या इलिनॉयमधल्या एफिंगहॅम काउंटीने एप्रिल २०१८ मध्ये ‘सँक्च्युअरी’ हा शब्द बंदुकांच्या बाजूच्या ठरावासाठी उचलला. तोवर तो स्थलांतरितांना आसरा देणाऱ्या शहरांचा होता. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात व्हर्जिनियाच्या विधिमंडळात डेमोक्रॅट बहुमतात आले आणि थोड्याच आठवड्यांत तिथल्या ९५ पैकी बहुतेक काउंट्यांनी तसेच ठराव केले. सूर साधारण एकच : वरून कायदा आला तरी आमचा शेरीफ, आमचा पैसा त्याच्या कामी लावणार नाही.

हे म्हणणं मला झिडकारता येत नाही. मोंटाना आणि ॲरिझोनातल्या दोन शेरीफांच्या खटल्यात, १९९७ साली, सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की बंदूक घेणाऱ्याची चौकशी करण्याचं काम केंद्र सरकार स्थानिक पोलिसांच्या गळ्यात मारू शकत नाही. स्थलांतरितांना हाकलायला मदत न करणारी शहरंही याच तत्त्वावर उभी आहेत, आणि त्यांचं मला कौतुक वाटतं. त्याही मागे जायचं तर जोशुआ ग्लोव्हर आहे. आमच्याच सेंट लुईसमधून निसटलेला हा गुलाम १८५४ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये पकडला गेला, तेव्हा मिलवॉकीच्या लोकांनी तुरुंगाचं दार फोडून त्याला सोडवलं. केंद्राचा कायदा तेव्हा मालकाच्या बाजूने होता. तो मोडणाऱ्या त्या जमावापुढे मी आजही हात जोडते.

मग मिसूरीचं काय खुपतं? २०२१ साली इथल्या विधिमंडळाने मदत नाकारण्यावर भागवलं नाही. केंद्राचे काही बंदूक-कायदे आपल्या राज्यात रद्दबातल असल्याचं जाहीर केलं, आणि ते जाणूनबुजून राबवणारा पोलीस ज्या खात्यात असेल त्या खात्याला ५० हजार डॉलर दंड ठेवला. धास्तावून काही पोलीस खात्यांनी केंद्राबरोबरच्या संयुक्त पथकांतून आपली माणसं काढून घेतली. खरी मेख पुढेच आहे. कायद्याने संरक्षण दिलं ‘कायदा पाळणाऱ्या नागरिका’ला, आणि त्याची व्याख्या अशी केली : ज्याला मिसूरीच्या कायद्याने बंदूक बाळगायला मनाई नाही, तो. घरात मारहाण केल्याच्या किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला बंदूक ठेवता येत नाही, ही मनाई केंद्राची, १९९६ ची. मिसूरीत तशी मनाईच नव्हती. म्हणजे बायकोवर हात उगारून शिक्षा भोगलेला माणूसही या व्याख्येत बसला. त्याच्या हातातली बंदूक काढायला केंद्राच्या अधिकाऱ्याला मदत करावी, तर गावच्या पोलीस खात्यावर दंडाची टांगती तलवार.

शिबी राजाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. कबुतराला अभय दिलं, तेव्हा त्याने ससाण्यापुढे स्वतःच्या मांडीचं मांस कापून तराजूत टाकलं. मिलवॉकीकरांनीही स्वतःच जोखीम घेतली; त्यांच्या पुढाऱ्यावर खटले चालले, तुरुंगही घडला. मिसूरीच्या अभयाची किंमत त्या घरातल्या बाईकडे गेली, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

मार्च २०२३ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी हा कायदा घटनाबाह्य ठरवला. ऑगस्ट २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. पण काउंट्यांचे ठराव त्याने पुसले जात नाहीत. या भागांत आता मराठी घरं बरीच आहेत, म्हणून सांगते : काउंटी बोर्डाची सभा लोकांना खुली असते. एका संध्याकाळी जा. ठराव मागून घ्या, वाचा, आणि घरात मार खाणाऱ्या बाईची त्यात काय सोय आहे, एवढं उभं राहून विचारा.